नाव की नांव

श्रावण संपत आला होता, वेंगुर्ल्यात पावसाने उघडीप दिलेली नव्हती आणि मी ८७व्या पानावर अकरा दिवस अडकून पडलो होतो. पान एका जुन्या पुस्तकाचे होते. कोकण किनाऱ्यावरच्या गलबतांचा व्यापार, बंदरे आणि खलाशांच्या रीतिभाती यांविषयी एका माणसाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी लिहिलेले आणि पदरच्या पैशांनी छापलेले हे १४४ पानांचे पुस्तक आहे. लेखक कोणत्याही वाङ्मयेतिहासात सापडणार नाही, तेव्हा त्याचे नाव सांगून वाचकाला काही कळण्यासारखे नाही. त्या पानावर एका बेफिकीर तांडेलाची, म्हणजे गलबतावरच्या खलाशांच्या म्होरक्याची, हकिकत येते आणि तिच्या शेवटी, असला तांडेल एक दिवस नाव बुडवील, असे वाक्य येते. निदान संगणकाने छायाचित्रावरून अक्षरे ओळखून जो मजकूर दिला त्यात तरी ते तसे होते. मला मात्र छायाचित्रात 'ना'च्या डोक्यावर एक पुसट ठिपका दिसत होता.

एका ठिपक्यासाठी अकरा दिवस, हे ऐकून घरातल्यांनीही कपाळाला हात लावला. परंतु जुन्या मराठी लेखनाशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांच्या लक्षात अडचण लगेच येईल. आपण आज होडीला 'नाव' म्हणतो आणि माणसाच्या संज्ञेलाही 'नाव'च लिहितो. जुन्या छापील मराठीत होडी ती 'नाव' आणि संज्ञा ते 'नांव', असा भेद डोळ्यांना दिसत असे. बहुतेक वेळा शेजारचा शब्द किंवा क्रियापदाचे लिंग अर्थ उघड करते, कारण नाव बुडाली म्हटले की होडी आणि नांव बुडालें म्हटले की अब्रू. पण 'बुडवील' हे भविष्यकाळी रूप कर्माच्या लिंगाला विचारतच नाही. त्यामुळे त्या वाक्यात लेखकाला होडी म्हणायची होती की मालकाची इभ्रत म्हणायची होती, याला तो ठिपका एवढाच साक्षीदार उरला होता. आणि तो ठिपका छापखान्यातल्या जुळाऱ्याने जुळवलेल्या शिशाच्या खिळ्याचा होता, शाईचा शिंतोडा होता की शंभर वर्षे त्या पानांत वस्तीला असलेल्या कसर या किड्याची करणी होती, हे छायाचित्र कितीही मोठे करून पाहिले तरी सांगता येत नव्हते.

या उद्योगात मी शिरलो तो निवृत्तीनंतर, आणि शिरलो म्हणण्यापेक्षा भाचीने मला ढकलले. टपाल खात्यात ३४ वर्षे काढली, त्यातली निम्मीअधिक टपालाच्या वर्गवारीत गेली. मुंबईच्या चाकरमान्याने गिरणीतून दमून आल्यावर खोलीतल्या दिव्याखाली खरडलेला पत्ता, त्यात वाडीचे नाव एक, गावाचे दुसरे आणि तालुका भलताच, अशी पाकिटे आणि मनीऑर्डरी आम्ही रोज वाचत होतो. पत्ता चुकीचा आहे म्हणून पत्र परत धाडणे सोपे असते. पण लिहिणाऱ्याला कोणते घर म्हणायचे होते हे ओळखण्यात आमच्या पिढीला एक अभिमान होता. भाची पुण्याला नोकरीला आहे आणि सुटीच्या दिवशी मराठी विकिस्रोतावर, म्हणजे जुनी पुस्तके सर्वांना फुकट वाचायला ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, पुस्तके तपासते. एका मे महिन्यात ती घरी आली, संगणक माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "मामा, तुमका वाईट अक्षरां वाचूची सवय आसा, ह्यां काम तुमकाच जमतलां."

काम काय, ते थोडक्यात सांगतो. एखाद्या जुन्या पुस्तकाचे प्रत्येक पान छायाचित्रित करून चढवले म्हणजे पुस्तक डिजिटल झाले असे आपण समजतो, परंतु तो पुस्तकाचा नुसता फोटो असतो. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे करून वाचता येत नाही, त्यातला उतारा उचलून कोणाला पाठवता येत नाही. म्हणून संगणकाकडून त्या छायाचित्रातली अक्षरे ओळखून घ्यायची, ती चुकतात म्हणून माणसाने डाव्या हाताला छायाचित्र आणि उजव्या हाताला मजकूर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायची. विकिस्रोतावर न तपासलेले पान तांबडे असते, एकाने तपासले की पिवळे होते आणि दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. ज्याने पिवळे केले त्याला ते हिरवे करता येत नाही, हा त्यातला मला सर्वांत आवडलेला नियम. अडलेल्या पानासाठी वेगळा, निळसर जांभळा रंग आहे. माझे ८७वे पान त्या रंगात भिजत पडले होते.

या साऱ्याची सुरुवात फार साध्या रीतीने झाली. ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट नावाच्या तरुणाने तिथल्या भल्यामोठ्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वतःच्या बोटांनी टंकित केला आणि तो कोणालाही फुकट घेता येईल असा ठेवून दिला. त्यातून पुढे प्रोजेक्ट गुटेनबर्ग उभा राहिला आणि आज तिथे ७०,००० हून अधिक पुस्तके आहेत. कित्येक वर्षे हे काम एकेकट्या माणसाच्या हौसेवर चालले. सन २००० मध्ये चार्ल्स फ्रँक्स याने युक्ती काढली की संपूर्ण पुस्तक एकाच्या गळ्यात बांधण्याऐवजी एकेक पान वेगवेगळ्या स्वयंसेवकांना वाटून द्यावे, आणि दिवसाला एक पान एवढीच अपेक्षा ठेवावी. आमच्याकडे गावच्या देवळाचे काम निघाले की घरटी माणशी एक दिवस श्रमदान ठरते, तशातलाच हा हिशेब आहे. विकिस्रोत २००३ मध्ये आला आणि त्याने पान वाटून घेण्याची हीच रीत मराठीसह अनेक भाषांना मोकळी करून दिली.

मात्र ही रीत आपल्याला परकी आहे असे मला कधी वाटले नाही. पोथ्या नकलून काढणारे लेखक आपल्याकडे शतकानुशतके होते आणि पोथीच्या शेवटी ते 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया' असे लिहून मोकळे होत. जसे दिसले तसे उतरवले, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नका. मुद्रितशोधनाचा आमचा पहिला नियम याहून एका शब्दानेही वेगळा नाही. आणि उलट बाजूने, जसे दिसले तसे उतरवण्याच्या नावाखाली पदरचे घुसडणाऱ्यांचा बंदोबस्त एकनाथांनी केला. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि बजावले की या पाठात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. आमच्या किनाऱ्यावर ती उपमा कोणाला समजावून सांगावी लागत नाही. मजकूर तपासताना लेखकाचे एखादे वाक्य ओबडधोबड वाटले आणि ते जरा नीट करावे असा मोह झाला, की मला ती करवंटी ताटात दिसते आणि हात मागे येतो.

मोह होतो हे खरे आहे. पहिल्या महिन्यात मी एका पुस्तकातले सगळे 'कांहीं', 'नाहीं', 'तें', 'घरीं' मोठ्या निष्ठेने आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे करून टाकले होते. टपाल खात्यात असताना मराठीतून पत्रव्यवहार करणारा मी, शुद्धलेखनाविषयी स्वतःला काही समजत होतो. धुळ्याकडची एक मुलगी माझी पाने दुसऱ्यांदा तपासत असे. तिला मी आजवर पाहिलेले नाही. तिने फार सभ्य शब्दांत कळवले की काका, तुम्ही २३ पानांवरचे सगळे अनुस्वार पुसलेत, ते परत द्यावे लागतील. ते परत देताना चार दिवस गेले आणि त्या चार दिवसांत मी अनुस्वार पहिल्यांदा वाचायला शिकलो. 'मी' म्हणजे कर्ता, पण 'मीं केलें' म्हणजे माझ्याकडून झाले. 'घरी' आणि 'घरीं' यांत घरात असण्याचा भेद. नपुंसकलिंगी एकवचनावर ठिपका, अनेकवचनावर ठिपका. ज्याला मी लहानपणापासून जुन्या पुस्तकांतली धूळ समजत आलो ते व्याकरण होते.

१९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम सरकारने स्वीकारले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार लिहिण्यातून गेले. शाळेतल्या मुलांचे त्यामुळे भले झाले यात शंका नाही, मीही त्यांतलाच. पण उच्चार होत नाही, हे ठरले ते कुठल्या नाकांवरून? भाचीचे वाक्य पुन्हा वाचावे. ती 'अक्षरां' म्हणाली, 'ह्यां' म्हणाली, 'जमतलां' म्हणाली. तळकोकणात नपुंसकलिंगाचा तो नाकातला स्वर अजून रोज बाजारात ऐकू येतो. कुठे, इथे, तिथे यांना आम्ही खंय, हंय, थंय म्हणतो आणि त्यातला नाकातला सूर काढला तर मालवणी माणसाला तो शब्द ओळखू यायचा नाही. माझी आत्या ८९ वर्षांची आहे. श्रावणात ती जुनी पोथी मोठ्याने वाचते तेव्हा छापलेला प्रत्येक ठिपका तिच्या नाकातून बरोबर वाजतो, आणि तिला शुद्धलेखनाचा एकही नियम ठाऊक नाही. यंत्र ते ठिपके गाळते, नियमांनी ते गाळले आणि आत्याच्या नाकात ते आहेत. मी तिच्याजवळ संगणक नेऊन ८७वे पान वाचून दाखवले तेव्हा मात्र तिची मदत झाली नाही. म्हणाली, "तांडेल दोन्ही बुडवतलो." तिचे उत्तर भाषाशास्त्राच्या पलीकडचे होते.

यंत्राचेही कौतुक करायला हवे, कारण दहा वर्षांपूर्वीच्या मानाने त्याची देवनागरीची समज पुष्कळच वाढली आहे. तरी 'ख'चे 'रव' होते, 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म', 'थ'चा 'य'. भाताची शेते 'माताची' होतात आणि थोर पुरुष 'योर' होतात. या चुका निरुपद्रवी, कारण त्या चुका म्हणून उठून दिसतात. धोका असतो तो चुकून बरोबर दिसणाऱ्या शब्दांचा. समुद्र तो 'दर्या' आणि डोंगरांमधल्या त्या 'दऱ्या'. फरक केवळ रफाराचा की आडव्या अर्ध्या 'र'चा. गलबतांच्या पुस्तकात यंत्राने निम्म्या ठिकाणी समुद्राच्या दऱ्या केल्या होत्या आणि व्याकरण तपासणाऱ्या सोयीला त्यात काहीच वावगे दिसले नाही, कारण दोन्ही शब्द मराठीत आहेत. असे शब्द माणूसच पकडतो, तोही वाक्य समजून वाचत असेल तर. नुसती अक्षरे जुळवत गेलेला माणूस यंत्राइतकाच फसतो. तासाभरानंतर मीही फसतो, म्हणून दिवसाला चार पानांच्या वर जात नाही.

पुस्तके मिळवण्याची गोष्ट वेगळीच आहे. वाचनालयांच्या बाबतीत आमचा किनारा दरिद्री नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे आणि सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. मराठीतले पहिले वृत्तपत्र १८३२ मध्ये काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, केशवसुत मालगुंडचे, साने गुरुजी पालगडचे. पण वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तिथे पुस्तकाचे आयुष्य लेखकाच्या कीर्तीवर ठरत नाही. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आपल्याच आम्लाने पिवळा पडून ठिसूळ होतो. मे महिन्यात तो पापडासारखा मोडतो आणि जुलैमध्ये ओल्या पोळीसारखा हाताला चिकटतो. वेखंड, कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या, सगळे करून होते. वाळवी एका रात्रीत कपाटाच्या मागच्या फळीतून येते आणि बाहेरून पाहणाऱ्याला पुस्तकांचे कणे सरळ उभे दिसतात. त्यातून जी वाचतात ती कधी कधी कागदोपत्री मरतात. ग्रंथालयाच्या भाषेत याला निर्लेखन म्हणतात. एका गावच्या संस्थेने जीर्ण म्हणून निर्लेखित केलेली सहा पोती पुस्तके रद्दीवाल्याला किलोच्या भावाने दिली, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. रद्दीवाल्याकडे गेलो तेव्हा दोन पोती उरली होती. दाखल अंकाचे शिक्के मारलेली ती पुस्तके मी त्याच्याचकडून विकत घेतली, आणि त्याने मला भाव वाढवून सांगितला नाही एवढे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

गलबतांचे पुस्तक त्या पोत्यांतले नव्हे. ते लेखकाच्याच घरच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत सापडले. फोटो काढायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत, पडवीत, सकाळी नऊ ते अकरा, ऊन थेट पडत नाही अशा जागी. फोन एका लाकडी घोडीला उलटा बांधतो, पान सपाट राहावे म्हणून देवाच्या जुन्या तसबिरीची काच वर ठेवतो आणि मागच्या पानाची अक्षरे पलीकडून उमटू नयेत म्हणून पानाखाली काळा कागद सरकवतो. ही काळ्या कागदाची युक्ती मला कोणी सांगितली असती तर आधीच्या दोन पुस्तकांची फेरी वाचली असती. पावसाळ्यात पुस्तकांना हात लावायचा नाही, घरात बसून तपासायचे. म्हणजे शेतकऱ्याची जी पेरणी ती आमची कापणी, असा उलटा हंगाम चालतो.

परंतु फोटो काढण्याआधी एक प्रश्न सुटावा लागतो, तो म्हणजे लेखक वारला कधी. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो. आधी ही मुदत ५० वर्षे होती. १९४१ मध्ये वारलेल्या रवींद्रनाथांचे साहित्य मोकळे होण्याची वेळ आली तेव्हा ती वाढवली गेली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ६० झाली. मुदत मोजायची ती मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून. त्यामुळे १९५० मध्ये गेलेले साने गुरुजी १ जानेवारी २०११ रोजी सर्वांचे झाले. आमच्या वेंगुर्ले तालुक्याचा हिशेब मी एकदा वहीच्या मागच्या पानावर मांडला. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत शिकवणारे वि. स. खांडेकर आणि याच तालुक्यात जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर, दोघेही १९७६ मध्ये गेले. ते दोघे एकाच सकाळी, १ जानेवारी २०३७ रोजी मोकळे होतील. आरवलीच्या जयवंत दळवींसाठी २०५५ उजाडावे लागेल. आणि वेंगुर्ल्यात जन्मलेले मंगेश पाडगावकर ३० डिसेंबर २०१५ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या कविता १ जानेवारी २०७६ पासून. ते आणखी दोन दिवस असते तर २०७७. लेखकाच्या मुलाबाळांना त्याच्या कष्टाचे चार पैसे मिळावेत याला माझा काडीचाही विरोध नाही, दळवींची पुस्तके मी विकत घेऊनच वाचली आहेत. पण ज्यांच्या पुस्तकांवर कोणीच चार पैसे मिळवत नाही, जी छापलीही जात नाहीत, तीही त्याच कुलपात अडकतात आणि कुलूप उघडेपर्यंत वाळवी थांबत नाही.

नामवंतांचे मृत्युदिन कोशात असतात. गलबतांच्या लेखकाचे कुठे असणार? त्याच्या नातवाला विचारले. तो ताबडतोब म्हणाला, भाद्रपद वद्य पंचमी. दरवर्षी त्या तिथीला म्हाळ घालतात, ब्राह्मण जेवतो, आजवर खंड नाही. साल कोणते? साल त्याला ठाऊक नव्हते, त्याच्या वडीलभावाला नव्हते, मुंबईच्या चुलत्याला नव्हते. आपल्याकडे माणूस कोणत्या तिथीला गेला हे घर तीन पिढ्या विसरत नाही, आणि कायद्याला नेमके साल हवे असते. मला आधी वाटले की मृत्यूची खबर देणारे एखादे कार्ड घरात असेल, त्यावर टपालाचा शिक्का मिळेल. मग माझेच मला हसू आले. अशी कोपरा फाडलेली कार्डे वाचून झाली की फाडून टाकायची असतात, घरात ठेवत नाहीत, आणि हे मी ३४ वर्षे पाहिले होते. शेवटी उत्तर सातबारावरून लागले. जमिनीला वारसांची नावे लागली तेव्हाच्या फेरफार नोंदीत खातेदार मयत झाल्याची तारीख होती, सप्टेंबर १९५१. पंचांगाशी ताडून पाहिले, तिथी जुळली. १ जानेवारी २०१२ पासून ते पुस्तक मोकळे होते आणि कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला तेव्हा आमच्याकडेही फटाके वाजले. मला आनंद झाला आणि सोबत थोडी चिडचिडही झाली, कारण त्या संध्याकाळी भाषणे करणाऱ्यांपैकी कोणाला जुन्या पुस्तकाचे एखादे पान तपासून द्या म्हटले असते तर घाट चढून जावे लागेल अशी तोंडे झाली असती. गलबतांचे पुस्तक अभिजात नाही, हे मलाही कळते. केशवसुतांची कविता तपासायला दहा जण पुढे येतात आणि यायलाच हवेत, कारण तिथे एका ऱ्हस्वदीर्घाच्या फरकाने वृत्त मोडते. पण त्यांच्या काळातला तांडेल काय खात होता, भाडे किती घेत होता आणि कोणत्या वाऱ्याला घाबरत होता, हे सांगणारा लेखक दुसऱ्या रांगेतलाच असतो. पहिली रांग वाचताना दुसरी पाठीशी लागते.

हे कोण वाचतो, असे लोक विचारतात. आकडे पाहण्याच्या भानगडीत मी पडत नाही. गेल्या वर्षी मात्र एका दृष्टिहीन शिक्षकाचा निरोप आला. त्यांचा फोन पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. छायाचित्र तो बोलू शकत नाही, तपासलेला मजकूर बोलतो. साने गुरुजींच्या कथा त्यांनी तशा ऐकल्या होत्या आणि त्यांना आणखी काय ऐकता येईल अशी विचारणा होती. खाली एक तक्रारही होती. जुन्या पुस्तकांतले तुमचे ते ठिपके फोनच्या बाईला समजत नाहीत, ती 'नाहीं'चे 'नाहीम' असे काहीतरी करते आणि दर वाक्याला ठेच लागते. ज्या ठिपक्यांसाठी मी २३ पाने पुन्हा केली ते ज्याला सर्वांत जास्त गरज त्याच्या कानाला टोचत होते. या प्रश्नावर आमच्यात पुष्कळ चर्चा झाली. मूळ पाठ जसाच्या तसा ठेवून ऐकण्यासाठी आजच्या लेखनातली वेगळी प्रत करावी, असे धुळ्याच्या मुलीचे म्हणणे आहे. म्हणजे काम दुप्पट. मी अजून ठिपक्यांच्याच बाजूचा आहे, पण पूर्वीइतक्या जोरात बोलत नाही, आणि त्या शिक्षकांना दोन कथा मी स्वतः ठिपके गाळून पाठवल्या आहेत.

८७व्या पानाचे उत्तर गणपतीत आले. चाकरमानी गावी येतात तेव्हा माळे उघडतात, हा आमचा अनुभव. म्हणून भाचीने ओळखीच्या सगळ्यांना पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे चित्र पाठवून ठेवले होते. राजापूरच्या बाजूच्या एका घरात दुसरी प्रत निघाली, तिला शेवटची वीस पाने नव्हती, पण ८७वे होते. त्या घरच्या सूनबाईने आरतीच्या गडबडीतून वेळ काढून त्या एका ओळीचा फोटो पाठवला, कडेला तिच्या बोटावरचे हळदीकुंकू दिसत होते. ठिपका होता. तोच, त्याच जागी, 'ना'च्या डोक्यावर किंचित उजवीकडे सरकलेला. कसर दोन घरांतल्या दोन प्रतींत एकाच अक्षरावर बसणार नाही. खिळाच तसा होता. मी यंत्राने दिलेले 'नाव' काढून 'नांव' लिहिले आणि पान पिवळे केले. आत्याला जाऊन सांगितले की तांडेल अब्रूच बुडवणार होता. ती मोदकाला कळ्या पाडत होती, तिने मान वर केली नाही.

रात्री साडेदहाला धुळ्याहून ते पान हिरवे झाले. ८८व्या पानावर वरच्या दोन ओळी कसरीने मधोमध खाल्ल्या आहेत, आणि राजापूरच्या प्रतीत त्या शाबूत आहेत का हे विचारेपर्यंत तिकडच्या मंडळींनी गौरी-गणपतीचे विसर्जन करून मुंबईची गाडी पकडली होती. घराला कुलूप आहे. शिमग्याला उघडेल.